पर्माफ्रॉस्ट आणि थंड डोंगरांची भूरूपं: 12 भागांचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केला, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार. पाचवा का कापला ते खाली येईलच, पण भूगोल शिकवत असाल, डोंगरात फिरत असाल किंवा पायाखालची जमीन अशीच का दिसते हा प्रश्न कधी पडला असेल तर हा कोर्स घ्या. मी 17 वर्षं अकरावी-बारावीला भूगोल शिकवतेय. "पाणी गोठलं की 9 टक्के फुगतं, भेगेत फुगलं की खडक फुटतो" हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आलेय, मुलांनी दरवर्षी पेपरात लिहिलंय, आणि मी दरवर्षी त्याला मार्क दिलेत. या कोर्सच्या तिसऱ्या भागात कळलं की ही गोष्ट अर्धवट आहे, आणि जो अर्धा भाग मी शिकवत होते तो कमी महत्त्वाचा आहे. त्या रात्री मी तो भाग लागोपाठ दोनदा बघितला.

कोर्सचं स्वरूप थोडक्यात. 12 भाग, प्रत्येक साधारण पाऊण तासाचा, शेवटी छोटी क्विझ, मधे दोन घरी करायचे प्रयोग आणि बरेचसे फील्ड व्हिडिओ. शिकवणारे सर स्वतः डोंगरात काम केलेले आहेत हे त्यांच्या बोलण्यावरून लगेच कळतं, कारण ते व्याख्येपासून सुरुवातच करत नाहीत. पहिल्या भागात पहिली दहा मिनिटं नुसता एका दगडी उताराचा व्हिडिओ आहे, कोनाकोनाचे मोठे मोठे दगड, मधे माती नाही, झाड नाही, वर कुठे कडाही नाही जिथून ते पडले असतील, आणि सर विचारतात की हे दगड आले कुठून? उत्तर असं की ते कुठूनच आले नाहीत, खालचा खडकच जागच्या जागी फुटून वर आलाय. याला जर्मन भाषेत फेल्झेनमेअर म्हणतात, म्हणजे दगडांचा समुद्र. मग तिथून ते वालेरी लोझिन्स्की या पोलिश भूवैज्ञानिकाकडे जातात, ज्यांनी 1909 मध्ये कार्पेथियन डोंगरातल्या अशाच फुटलेल्या वालुकाश्माबद्दल लिहिताना पेरिग्लेशियल हा शब्द पहिल्यांदा वापरला. तेव्हा त्याचा अर्थ हिमनद्यांच्या आसपासचा प्रदेश इतकाच होता, आता मात्र जिथे जिथे गोठणं-वितळणं हेच जमिनीला आकार देणारं मुख्य काम आहे त्या सगळ्या थंड प्रदेशांना हा शब्द लावतात, मग जवळपास हिमनदी असो नाहीतर नसो. हा फरक मला आधी नीट माहीत नव्हता आणि पाठ्यपुस्तकांत तो बहुतेक वेळा सुटतोच.

दुसरा भाग पर्माफ्रॉस्टचा. हा जरा कोरडा आहे पण सोडू नका. सलग दोन वर्षं किंवा जास्त काळ ज्या जमिनीचं तापमान शून्य अंश किंवा त्याखाली राहतं ती पर्माफ्रॉस्ट, बस. त्यात बर्फ असलाच पाहिजे असं नाही! कोरडा खडक उणे दोनवर वर्षानुवर्षं बसला असेल तर तोही पर्माफ्रॉस्टच. म्हणजे ही तापमानाची व्याख्या आहे, पदार्थाची नाही. त्याच्यावरचा जो थर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात परत गोठतो त्याला ॲक्टिव्ह लेअर म्हणतात आणि खरा सगळा उद्योग त्याच थरात चालतो. डोंगरात तर पर्माफ्रॉस्ट सलग चादरीसारखा नसतोच, सावलीच्या बाजूला आहे, उन्हाच्या बाजूला नाही, मोठ्या दगडांच्या ढिगाखाली आहे कारण फटीफटींत थंड हवा बसून राहते, आणि जाड बर्फाच्या पांघरुणाखाली कदाचित नाही कारण बर्फ ऊब धरून ठेवतो. नुसती उंची बघून इथे पर्माफ्रॉस्ट असणार असं म्हणता येत नाही, ही गोष्ट सरांनी एकाच कड्याच्या दोन बाजू दाखवून फार छान समजावलीय.

आता तिसरा भाग, ज्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले.

9 टक्के फुगण्याची गोष्ट खोटी नाही. बंद भांड्यात पाणी गोठवलं तर प्रचंड दाब तयार होतो, उणे 22 अंशाला हिशोबाने 200 मेगापास्कलच्या वर जातो, त्यापुढे कुठला खडक टिकणार. पण अट आहे बंद भांड्याची. खडकातली भेग म्हणजे झाकण लावलेली बाटली नसते, तिला तोंड असतं, बर्फ तिथून बाहेर सरकू शकतो. शिवाय भेग नव्वद टक्क्यांच्या वर पाण्याने भरलेली पाहिजे, नाहीतर फुगलेला बर्फ मोकळ्या जागेत सामावून जातो. निसर्गात एवढ्या सगळ्या अटी एकाच वेळी जुळून येणं तसं क्वचितच.

मग खडक फोडतं कोण? फोडतो बर्फच, पण फुगून नाही, वाढून. गोठत असलेल्या जमिनीत मातीच्या बारीक कणांभोवती पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा शून्याखालीही द्रव राहतो, आणि जिथे बर्फ तयार होतोय तिकडे आजूबाजूचं न गोठलेलं पाणी ओढलं जातं. म्हणजे पाणी उबेकडून थंडीकडे चालत जातं, बर्फाला जाऊन मिळतं, बर्फाची भिंगासारखी चकती जाड होत जाते आणि वरची जमीन उचलते. हे काही पाणी जागच्या जागी फुगणं नाही, बाहेरून नवीन पाणी येऊन भर पडतेय. याला आइस सेग्रिगेशन म्हणतात. आणि हे सिद्ध कसं झालं ते ऐकून मी थक्क झाले. स्टीफन टेबर नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकाने 1930 च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझीन घालून ती गोठवली. बेंझीन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरी माती वर उचलली गेली! फुगण्याचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. एवढा साधा, एवढा हुशार प्रयोग, आणि मी 17 वर्षांत कुठल्याही पाठ्यपुस्तकात तो वाचला नाही.

खडकांच्या बाबतीत हीच गोष्ट पुढे 1985 मध्ये वॉल्डर आणि हॅलेट यांनी गणिताने मांडली. त्यांच्या हिशोबाने भेगा सगळ्यात चांगल्या वाढतात त्या साधारण उणे 4 ते उणे 15 अंशांच्या टप्प्यात, आणि तेही पाण्याचा पुरवठा चालू असेल तर. म्हणजे शून्याच्या आसपास दिवसातून दोनदा वर-खाली होणं हे आपण शिकवतो तितकं निर्णायक नाही, बराच काळ टिकून राहिलेली मध्यम थंडी जास्त काम करते. नंतर 2006 मध्ये ज्युलियन मर्टन आणि सहकाऱ्यांनी ओलसर चुनखडीच्या ठोकळ्यांवर प्रयोगशाळेत गोठण-वितळणीची आवर्तनं घडवून बर्फाने भरलेल्या भेगा प्रत्यक्ष तयार करून दाखवल्या. कोर्समध्ये त्या प्रकारच्या ठोकळ्याचा कापलेला छेद दाखवलाय, आडव्या आडव्या बर्फाच्या रेषा, आणि खडकाचे पत्रे सुटे झालेले. हे चित्र मी वर्गात दाखवणार आहे यंदा.

या भागाला जोडून जो घरी करायचा प्रयोग दिलाय तो मी केला आणि त्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तिथेच कोर्सची ताकद पण दिसते आणि ढिसाळपणा पण.

दोन पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास, तळाला बारीक भोकं. एकात नदीचा बारीक गाळ, दुसऱ्यात जाड वाळू, दोन्ही ओले गच्च. बाजूंनी आणि खालून थर्मोकोल, वरचं तोंड उघडं, म्हणजे थंडी फक्त वरून आत शिरेल. खाली थर्मोकोलच्याच आत उथळ ट्रेमध्ये पाणी. हे सगळं फ्रीजरमध्ये. पहिल्या वेळी काहीच झालं नाही. गाळाची नुसती वीट झाली, वर आला तो जेमतेम दिसेल न दिसेल इतका. मी दोनदा इन्स्ट्रक्शन वाचल्या, सगळं बरोबर केलं होतं. सपोर्टला मेल केला तर नऊ दिवसांनी उत्तर आलं आणि त्यात "कृपया इन्स्ट्रक्शन शीट बघा" एवढंच. मग चौथ्या भागात सर बोलता बोलता म्हणून गेले की गोठणं फार वेगाने झालं तर पाण्याला चालत यायला वेळच मिळत नाही, ते जिथल्या तिथे गोठतं. तेव्हा ट्यूब पेटली. फ्रीजर सगळ्यात कमी थंडीवर ठेवला, ट्रेमध्ये परत पाणी भरलं आणि दोन रात्री हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाळाचा ग्लास बाहेर काढला तर गाळ काठाच्या वर आलेला. ग्लासच्या बाहेरून मी स्केचपेनने खूण केली होती तिथून मोजलं, 9 मिलिमीटर. वाळूचा ग्लास जवळपास होता तिथेच. गाळाचा गोळा बाहेर काढून सुरीने उभा कापला आणि आतमध्ये आडवे पापुद्रे दिसले, काचेसारखे स्वच्छ बर्फाचे, वरच्या बाजूला केसासारखे बारीक आणि एकमेकांच्या जवळ जवळ, खाली खाली जाडसर आणि लांब लांब, सगळ्यात खालचा तर नखाएवढा जाड. कारण वरचा भाग पटकन गोठला, खालचा हळू, म्हणून खाली पाण्याला वेळ मिळाला. आणि एक गोष्ट जी कोर्समध्ये कुणी सांगितली नव्हती, ती बोटाला कळली. दोन पापुद्र्यांच्या मधला गाळ कोरडा होता. दाबल्यावर कडक, पण ओलेपणा नाही, त्याचे चौकोनी तुकडे पडत होते. त्याचं पाणी बर्फाने ओढून घेतलं होतं. वाक्य ऐकून समजणं वेगळं आणि तो कोरडा तुकडा बोटांत धरणं वेगळं.

आता पुढचं. तो गोळा मी तसाच ताटलीत ठेवून शाळेत गेले, आल्यावर बघते तर गोळा नाहीच, ताटलीभर पातळ चिखल, ताटली जरा तिरकी केली तर ओघळायला लागला. सुरुवातीला मी जेवढं पाणी घातलं होतं त्यापेक्षा आता त्या गाळात जास्त पाणी होतं, ट्रेमधून वर ओढून घेतलेलं, आणि बर्फ वितळल्यावर ते एकदम सुटलं. इथे मला सातवा भाग समजला, जो सॉलिफ्लक्शनबद्दल आहे. थंड डोंगराच्या उतारावर उन्हाळ्यात नेमकं हेच होतं. वरचा थर वितळतो, त्यात गरजेपेक्षा जास्त पाणी, खाली अजून गोठलेली जमीन म्हणून पाणी मुरत नाही, मग सगळी माती उतारावरून हळूहळू सरकायला लागते, पुढे जिभेसारखे फुगवटे तयार होतात. वेग वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. नाव दिलं योहान गुन्नार अँडरसन या स्वीडिश भूवैज्ञानिकाने 1906 मध्ये, आर्क्टिकमधलं बेअर आयलंड आणि दक्षिण अटलांटिकमधली फॉकलंड बेटं इथल्या निरीक्षणांवरून.

माझी पहिली मोठी तक्रार हीच. तिसरा भाग आणि सातवा भाग हे एकाच गोष्टीचे दोन तुकडे आहेत आणि कोर्स ते जोडून दाखवत नाही. प्रयोगाच्या शीटमध्ये "वितळल्यावर काय होतं ते बघा आणि ताटली तिरकी करा" ही एक ओळ घातली असती तर शेकडो लोकांना तो क्षण मिळाला असता. इतकं चांगलं साहित्य हातात असून तो धागा सोडून दिलाय याचं मला खरंच वाईट वाटलं.

पाचवा आणि सहावा भाग पॅटर्न्ड ग्राउंडचा, म्हणजे जमिनीवर आपोआप उमटणाऱ्या नक्ष्या. हे दोन भाग म्हणजे डोळ्यांना मेजवानी. आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेन बेटावर क्वाडेहुकस्लेट्टा नावाचं सपाट मैदान आहे, तिथे दगडांची वर्तुळं आहेत, मधे बारीक माती फुगलेली, भोवती दगडांचा कठडा, एकाला एक लागून, जणू कुणी हाताने रचलीत. माणसाचा संबंध नाही. माती आणि दगड वेगवेगळे का होतात हे समजावताना परत तेच तत्त्व येतं, बारीक मातीला पाणी ओढता येतं म्हणून ती जास्त उचलली जाते, दगडांच्या ढिगात बर्फाच्या चकत्या नीट तयार होत नाहीत. गोठताना दगडाखाली बर्फ जमतो, दगड वर ढकलला जातो, वितळताना त्याच्या खालच्या पोकळीत आधी बारीक माती घसरते, मग दगडाला परत खाली बसायला जागाच उरत नाही. असं हजारो वेळा. 2003 मध्ये केसलर आणि वर्नर यांनी कॉम्प्युटर मॉडेलवर दाखवलं की काही मोजक्या गोष्टी बदलल्या, दगडांचं प्रमाण, जमिनीचा उतार, दगडांच्या रांगा किती दाबल्या जातात, की वर्तुळं, बहुभुज, जाळी, आणि उतारावर सरळ पट्टे, हे सगळे प्रकार एकाच प्रक्रियेतून निघतात. सपाटीवर वर्तुळ आणि तेच उतार वाढला की पट्टा. ॲनिमेशनमध्ये जमीन हळूहळू तिरकी होत जाते आणि वर्तुळं ताणली जाऊन रांगा होतात, ते मी किती वेळा मागे घेऊन बघितलं असेल.

पण इथे माझी दुसरी तक्रार, आणि ही गंभीर आहे. फोटोंमध्ये स्केलच नाही! भूगोलाच्या कोर्समध्ये हे चालणारच नाही. या नक्ष्या वेगवेगळ्या आकाराच्या असतात आणि आकारावरूनच तर त्यामागची गोष्ट कळते. दिवसा वितळणं रात्री गोठणं एवढंच होत असेल, जसं केनिया पर्वतावर किंवा अँडीजच्या उंच भागांत होतं, तर थंडी जमिनीत फक्त काही सेंटिमीटर शिरते आणि पट्टे वितीएवढे बारीक होतात. वर्षातून एकदा खोलवर गोठणाऱ्या जमिनीत वर्तुळं काही मीटर रुंद होतात. आणि बर्फाच्या पाचरींचे बहुभुज, जे कडाक्याच्या थंडीत जमीन आकसून तडकल्यामुळे होतात, ते 10-30 मीटरचे, विमानातून दिसणारे. तिन्हींची कारणं वेगळी, तिसऱ्याचं तर पूर्णच वेगळं, आणि कोर्समध्ये तिन्हींचे फोटो एकापाठोपाठ एक येतात, ना शेजारी बूट, ना हातोडा, ना माणूस. क्विझमध्ये फोटो बघून प्रकार ओळखायला सांगितलंय, मी चुकले, आणि ज्याला ज्याला मी तो फोटो दाखवला तो चुकला. बर्फाच्या पाचरींबद्दल बोलताना सर लेफिंगवेल या अमेरिकन भूवैज्ञानिकाचा उल्लेख करतात ज्यांनी अलास्काच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं राहून 1915 मध्ये हिवाळ्यात तडा आणि उन्हाळ्यात त्या तड्यात पाणी अशी पाचर वाढण्याची कल्पना मांडली. दरवर्षी काही मिलिमीटरची फट, आणि शेकडो वर्षांनी एक-दोन मीटर जाडीची बर्फाची पाचर. हे कळलं की साधं दगडांचं वर्तुळ आणि पाचरींचा बहुभुज यांत गल्लत होणारच नाही, फक्त फोटोत स्केल द्या हो.

सुईबर्फाचा व्हिडिओ मात्र अप्रतिम. रात्रभराचं टाइमलॅप्स, अगदी जवळून. ओल्या मातीतून बर्फाच्या सुया उगवतात, दाट, पांढऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर मातीचा कण नाहीतर छोटा खडा. उतार आहे, सुया उताराला काटकोनात वाढतात, पण सकाळी ऊन लागून वाकतात तेव्हा खडा सरळ खाली पडतो. म्हणजे रोज रात्री थोडा वर आणि रोज सकाळी थोडा पुढे. एकाच खड्याभोवती लाल गोल काढून सहा रात्री दाखवल्यात. या व्हिडिओत स्केल आहे, बाजूला पट्टी ठेवलीय, म्हणजे त्यांना कळत नाही असं नाही.

आठवा भाग नांगरणाऱ्या दगडांचा आणि दगडांच्या नद्यांचा, छोटा पण छान. नांगरणारा दगड म्हणजे उतारावर आजूबाजूच्या मातीपेक्षा जास्त वेगाने सरकणारा मोठा धोंडा, त्याच्या मागे चर राहतो आणि पुढे माती कपाळाला आठी पडावी तशी गोळा होते. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरात असे दगड आहेत. फॉकलंडच्या दगडांच्या नद्यांनी तर चार्ल्स डार्विनलाही 1834 मध्ये कोड्यात टाकलं होतं, अगदी कमी उताराच्या दऱ्यांमध्ये किलोमीटर किलोमीटर दगडच दगड आणि खालून पाण्याचा आवाज. आज त्या हलत नाहीत, हिमयुगातल्या थंडीच्या खुणा आहेत. आज चालू असलेलं भूरूप आणि जुन्या थंडीचा अवशेष यांतला फरक कसा ओळखायचा, दगडावरची शेवाळ-दगडफुलं, वर वाढलेलं गवत, तीक्ष्ण कडा की झिजलेल्या, हे इथे व्यवस्थित सांगितलंय.

नववा भाग रॉक ग्लेशियर. नाव ग्लेशियर पण दिसायला दगडांचा ढीग, पुढचं टोक उभट, अंगावर वळ्या, आणि आत दगड-बर्फाचं मिश्रण जे वर्षाला काही सेंटिमीटर ते काही मीटर सरकतं. स्वित्झर्लंडमधल्या मुर्टेल-कोर्वाच रॉक ग्लेशियरमध्ये 1987 साली सुमारे 60 मीटर खोल भोक पाडून तापमान मोजायला सुरुवात केली, डोंगरातल्या पर्माफ्रॉस्टच्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी ती एक. तो आलेख कोर्समध्ये आहे आणि त्यावर सर वीस मिनिटं बोलतात, मला तो वेळ अजिबात जास्त वाटला नाही. वर रोजचे चढउतार, खाली गेलं की ऋतूंचे, अजून खाली गेलं की नुसती सावकाश चढत जाणारी रेष.

त्याच्यापुढे दहावा भाग पूर्ण पिंगोंवर. पिंगो हा प्रकार मला आवडतो, इन्युव्हियालुइट लोकांच्या भाषेतला शब्द, आतल्या बर्फाच्या गाभ्यामुळे फुगलेली टेकडी, कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या टुक्टोयाक्टुकजवळचा इब्युक पिंगो 49 मीटर उंच. रॉस मॅके या कॅनडाच्या संशोधकाने तिथे काढलेली दशकं, 1978 मध्ये मुद्दाम एक तळं रिकामं करून तळाची जमीन गोठताना बघणं, सगळं रोमांचक. पण ही सगळी किनाऱ्याजवळची सपाट जमीन आहे! कोर्सच्या नावात थंड डोंगराळ प्रदेश आहे. त्या जागी निव्हेशनला एक पूर्ण भाग द्यायला हवा होता, म्हणजे उशिरापर्यंत टिकून राहणाऱ्या बर्फाच्या ठिगळाखाली आणि कडेने डोंगर कसा पोखरला जातो ते. 1900 मध्ये मॅथीस या भूवैज्ञानिकाने अमेरिकेतल्या बिगहॉर्न डोंगरात बघून ही कल्पना मांडली, आणि इथे तिला मिळालीत सहा मिनिटं. डोंगरमाथ्यावर पायऱ्यांसारखे सपाट टप्पे कसे होतात तेही याच सहा मिनिटांत उरकलंय. मी स्टार कापला त्यातला निम्मा इथला आहे.

अकरावा भाग तापमानवाढीवर आहे आणि तो मी एका बैठकीत बघू शकले नाही. बर्फ वितळला की खडक पडतो एवढं सोपं नाही. खडकाच्या भेगांत बसलेला बर्फ शून्याजवळ येऊ लागला की वितळण्याच्या आधीच त्याची पकड कमी होते. जुलै 2003 मध्ये, युरोपातल्या त्या भयंकर उन्हाळ्यात, आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराच्या हॉर्नली धारेवर दरड कोसळली, वर असलेल्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने खाली आणावं लागलं, आणि जिथून खडक तुटला त्या जागी उघडा बर्फ दिसत होता. मुलांना डोंगरात घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने हा भाग बघावा असं मला मनापासून वाटतं. उन्हाळ्यातली उष्णतेची लाट आणि उंचावरचा उभा खडक यांचा संबंध आपल्या डोक्यात आधी असला पाहिजे. याच भागात 2006 मध्ये सुरू झालेल्या तिबेटच्या रेल्वेबद्दल आहे, गोलमुड ते ल्हासा, त्यातले सुमारे 550 किलोमीटर पर्माफ्रॉस्टवरून जातात, म्हणून रुळाखाली फोडलेल्या दगडांचे भराव आणि बाजूने उष्णता बाहेर फेकणाऱ्या नळ्या. फेल्झेनमेअरच्या फटींत थंड हवा बसते हे दुसऱ्या भागात शिकलो, इंजिनियरनी तीच युक्ती भरावात वापरली. हा धागा मात्र सरांनी जोडून दाखवलाय, बरं वाटलं.

बारावा भाग उजळणीचा, सोडलात तरी चालेल.

तांत्रिक बाजू पटकन सांगते. व्हिडिओची क्वालिटी चांगली, मोबाइलवरही दिसतं, पण पॅटर्न्ड ग्राउंडचे दोन भाग मोठ्या स्क्रीनवरच बघा. सबटायटल आपोआप तयार केलेले आहेत आणि नावांचं पार वाटोळं झालंय, परकी नावं कळण्यासाठी वही घेऊन बसा आणि सर स्लाइडवर लिहितात तेव्हा उतरवून घ्या. सपोर्टचं वर सांगितलंच. ज्या पोर्टलवर हा कोर्स आहे त्यांनी निदान प्रयोगाची शीट दुरुस्त करावी, फ्रीजर कमी थंडीवर ठेवा एवढं लिहायला पाच मिनिटं लागतात.

घेणार असाल तर क्रम असा ठेवा: 1, 2, 3, मग प्रयोग, तो फ्रीजरमध्ये असतानाच 4 आणि 5 बघा, गाळ कापून झाला की लगेच 7, आणि मग मागे जाऊन 6. प्रयोगासाठी गाळ अगदी बारीक घ्या, चिमटीत चोळल्यावर पिठासारखा लागला पाहिजे, खरखर लागली तर त्यात वाळू आहे आणि काही वर येणार नाही. शुद्ध चिकणमाती पण नको, तिच्यातून पाणी इतकं हळू चालतं की दोन रात्री पुरणार नाहीत. ट्रेमधलं पाणी गोठलं तर पुरवठा बंद होतो, म्हणून खालचा थर्मोकोल दुप्पट जाड लावा. आणि वितळायला ठेवाल ती ताटली जरा खोलगट घ्या, माझा गाळ काठावरून खाली गेला होता.